पहिलं ‘नको’

चोर्तेनभोवती, म्हणजे आमच्या गावच्या स्तूपाभोवती, फिरताना माणसांच्या पाठी दिसतात, तोंडं दिसत नाहीत. सगळे एकाच दिशेने चाललेले… उजवा खांदा चोर्तेनकडे, हातात माळ, ओठांवर पुटपुट. कुणा बाईची किरा नवी आहे, कुणा बाप्याचा घो काखेत उसवलाय, कुणाची पाठ गेल्या वर्षापेक्षा जास्त वाकलीय, एवढंच कळतं. लहानपणापासून मी रोज पहाटे फेऱ्या घालते, त्यामुळे गावातल्या साऱ्यांना मी पाठीवरून ओळखते.

म्हणूनच त्या पहाटे समोरून एक चेहरा आला, तेव्हा माझं पाऊल अडखळलं.

हिवाळा सरत आला होता. धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, अशी काहीतरी भुरभुर चालली होती. धुक्यातून तो पुढे आला. उंच, थंडीने कान लालभडक झालेला, बुटांना चिखल. आणि चेहरा असा हसरा, की जणू आमची जुनी ओळख आहे.

“शुभ प्रभात!”

मी नजर खाली घातली आणि पुढे गेले. अर्धी फेरी झाली… पुन्हा समोर तोच.

“पुन्हा एकदा शुभ प्रभात!”

तिसऱ्यांदा तो नुसता हसला आणि त्याने डोकं खाजवलं. माझ्या मागून येणाऱ्या म्हाताऱ्यांची कुजबुज सुरू झाली होती.

“अगं, उलटा फिरतोय तो. कुणीतरी सांगा त्याला.”

“तूच सांग.”

“मी कशाला? पाहुणा माणूस. मन दुखायचं त्याचं.”

“पण पाप लागेल ना!”

“त्याला ठाऊक नाही, त्याला कसलं पाप? आपल्याला ठाऊक आहे. लागलं तर आपल्यालाच लागेल.”

तरीही कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. आमचं यांग्त्से जिल्ह्याच्या डोंगरातलं गाव असंच आहे. पाहुण्याला ‘चुकलास’ म्हणण्यापेक्षा आम्ही थोडं पाप पदरी घेतो.

दोन तासांनी शाळेच्या पटांगणात, प्रार्थना संपल्यावर, मुख्याध्यापक किंझांग साहेब त्यालाच पुढे घेऊन आले. “हे डंकन सर. कॅनडाहून आलेत, समुद्रकाठच्या गावातून. वर्षभर आपल्या मुलांना इंग्रजी शिकवतील.” मग एकेका शिक्षकाची ओळख करून देत ते माझ्यापाशी पोहोचले. “या यांगदोन मॅडम. आपली भाषा शिकवतात. काही अडलं तर यांना विचारा.”

“आमची भेट झालीय,” तो म्हणाला. “तीनदा.”

साहेब पुढे सरकले, तेव्हा मी हळूच म्हटलं, “सर… सकाळी तुम्ही उलटे फिरत होता.”

“उलटे?” त्याचा चेहरा पडला. “मग कुणी बोललं का नाही?”

“तुम्ही इतक्या मनापासून शुभ प्रभात म्हणत होता…”

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून म्हणाला, “म्हणजे माझं असेल-नसेल तेवढं पुण्य वजा झालं.”

“उद्यापासून सरळ फिरा. भरून निघेल.”

“पण मग तुमचं तोंड दिसायचं नाही.”

हे त्याने थट्टेने म्हटलं असतं तर मी रागावले असते. पण आज ऊन नाही म्हणावं, इतक्या साधेपणाने म्हणाला. माझे कान मात्र तापले. थंडी होती तरी.

*

दुसऱ्या दिवसापासून तो सरळ फिरू लागला. माझ्या मागे कुठेतरी. मी कधी वळून पाहिलं नाही, पण त्याच्या उजव्या बुटाची कुरकुर मला ऐकू यायची. मंत्राच्या मधोमध… कुर्र. मन एकाग्र करायला बसावं आणि दाराशी मांजर यावं, तसं व्हायचं.

त्याला दूध लागायचं. गावात दुभती गाय तेव्हा आमचीच. म्हणून तो घरी येऊ लागला. पहिल्या दिवशी आमाने, माझ्या आईने, लोण्याचा खारट चहा पुढे केला.

“हो, घेईन की!” म्हणत त्याने कप उचलला.

आमाचे डोळे भरून आले. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, “बिचारा गं! किती दिवसांचा उपाशी असेल! पहिल्याच खेपेला हो म्हणाला!”

आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. कुणी काही पुढे केलं की हाताने तोंड झाकायचं आणि म्हणायचं — मेशु, मेशु. नको, नको. मग समोरच्याने पुन्हा विचारायचं. पुन्हा ‘नको’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. यात खोटं काही नाही. पहिलं ‘नको’ म्हणजे, तुम्हाला त्रास नको. दुसरं ‘नको’ म्हणजे, मी हावरट नाही. आणि तिसऱ्यांदा घेतलं, म्हणजे तुमचं प्रेम मला पोचलं. हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो, त्यामुळे कुणाला शिकवायची वेळ आलेली नसते.

त्या दिवशी आमाने त्याला चहा, मक्याच्या कण्या, अंडी, मिरची-चीजची भाजी असं सगळं वाढलं. तो खरंच पोट भरल्यावर “नको, आता पुरे” म्हणाला. आमाने हसत पुन्हा वाढलं. तो घामाघूम होईपर्यंत ती वाढत राहिली. जाताना बिचाऱ्याला उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागली.

आणि मग त्याने आम्हा शिक्षकांना स्वतःच्या खोलीवर बोलावलं.

बटाट्याचं आणि मक्याच्या दाण्यांचं दाट सूप केलं होतं. पातेल्यात भाजलेला पाव होता. वास असा सुटला होता, की जिन्यापासूनच किंझांग साहेबांचा चेहरा उजळला. आम्ही ओळीने बसलो. डंकन सरांनी पातेलं आणून मधोमध ठेवलं.

“घ्या ना सगळे.”

आम्ही सगळ्यांनी हात तोंडाशी नेले. “नको, नको.”

त्याने एकेकाकडे पाहिलं. “कुणालाच नको?”

“नको, नको,” साहेब म्हणाले, आणि वाटी घ्यायला बरं पडावं म्हणून जरा पुढे सरकून बसले.

“बरं,” तो म्हणाला. झाकण ठेवलं. आणि पातेलं उचलून आत घेऊन गेला.

त्यानंतर आम्ही तासभर हवापाण्याच्या गप्पा मारल्या. कुणाच्या तरी पोटातून गुरगुर ऐकू आली, तेव्हा सगळ्यांनी मिळून गडगडाट कुठून येतोय ते खिडकीतून पाहिलं. परत येताना पायवाटेवर अंधार होता. साहेब सुस्कारा टाकून म्हणाले, “पावाचा वास फार छान होता हो.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो पायरीवर मटकन बसला.

“म्हणजे मी अख्ख्या शाळेला उपाशी घरी पाठवलं?”

“साहेबांनी घरी जाऊन दोनदा जेवून घेतलं म्हणे.”

“मॅडम, एक सांगा. आमच्या गावात तुम्ही आलात तर? तिथे लोक एकदाच विचारतात.”

“मग मी तिथे भुकेने मरेन.”

“आणि मी इथे खाऊन मरेन!”

दोघांनाही हसू आलं. मी हसताना तोंडावर हात नेला. तो पटकन म्हणाला, “हे आत्ता काय होतं? नको, की नुसतं हसू?”

“नुसतं हसू.”

“बरं झालं विचारलं.”

*

वर्गातही त्याचं तेच दुखणं होतं. एकदा शाळा सुटल्यावर तो उदास होऊन माझ्या वर्गाच्या दाराशी आला.

“मुलं बोलतच नाहीत. ‘कुणाला येतंय?’ विचारलं की सगळी जमिनीकडे बघतात. मला वाटतं, मी शिकवतो ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. साहेबांना सांगावं म्हणतो, चुकीचा माणूस आणलात.”

“प्रश्न किती वेळा विचारता?”

“किती वेळा म्हणजे? एक…” तो मध्येच थांबला. माझ्याकडे पाहिलं. “नाही हं! वर्गातसुद्धा?”

“पहिल्याच खेपेला हात वर करणारं मूल आगाऊ दिसतं, सर. बाकीच्यांना कमी लेखल्यासारखं होतं. दुसऱ्यांदा विचारा. आणि जरा थांबा.”

आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती. दुसऱ्या दिवशी मला त्याचा प्रश्न ऐकू आला. मग शांतता. मग तोच प्रश्न पुन्हा, हळू आवाजात, जणू कुणाला बशी पुढे करावी तसा. पुन्हा शांतता… आणि मग पाखरासारखा एक बारीक आवाज. मग दुसरा. मग गलकाच. माझ्या वर्गातली मुलं माझ्याकडे बघायला लागली, कारण मी फळ्याकडे तोंड करून एकटीच हसत होते.

पुढे पुढे मला त्या गलक्यापेक्षा मधली ती शांतता आवडू लागली. एवढा बोलका माणूस आमच्या मुलांसाठी गप्प राहायला शिकत होता. बाहेर भातखाचरांवर पाऊस पडत असायचा, आणि भिंतीपलीकडे तो थांबलेला असायचा.

एकदा घरी परतताना मला म्हणाला, “रागावणार नसाल तर विचारतो. तुम्हाला स्वतःला काय हवं असतं, ते तुम्ही कधी सांगता का?”

“सांगायचं कशाला? समोरच्याने ओळखावं.”

“आणि त्याला नाही ओळखता आलं तर?”

“तर पुन्हा विचारावं.”

“आणि तरी नाही तर?”

मी छत्री त्याच्या बाजूला थोडी जास्त कलवली, एवढंच. त्याचा खांदा भिजत होता.

*

पावसाळ्याला निरोप द्यायचा आमचा सण असतो. त्या पहाटे आभाळातून पडणारं, नळाला येणारं, ओढ्यातून वाहणारं सगळं पाणी पवित्र. उजाडायच्या आत अंगणात डोक्यावरून पाणी घ्यायचं, वर्षाचा मळ धुऊन टाकायचा.

आमाने डंकन सरांना निरोप पाठवला होता. तो आला तो घो घालून. एका बाजूने लोंबणारा, दुसऱ्या बाजूने गुडघ्याच्या वर.

“हा घो आहे की वाळत घातलेली चादर?” आमा म्हणाली. “काढ, काढ. आणि बस इथे.”

रात्रभर आभाळाखाली ठेवलेलं पाणी. आमाने तांब्या भरून त्याच्या डोक्यावर ओतला, आणि त्याने अशी किंकाळी फोडली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

“ओरड, ओरड!” आमा खूश झाली. “निघतंय. हे त्या उलट्या फेऱ्यांचं असणार.”

मी पंचा घेऊन उभी होते. त्याने डोळे मिटूनच हात पुढे केला. पंच्याऐवजी आधी माझी बोटं त्याच्या हाताला लागली. बर्फासारखा गार हात. मी माझा हात लगेच काढून घ्यायला हवा होता… पण घेतला नाही. त्याने डोळे उघडले. पापण्यांवर पाणी होतं. आभाळातून अगदी बारीक, जाता जाता मागे वळून पाहावं तसा पाऊस पडत होता. आम्ही दोघांनी एकदमच पंचा ओढला, आणि पंचाच खाली पडला.

खिमट खाऊन झाल्यावर आमा फडताळाकडे गेली. तिथून तिने लाकडाच्या गाठीतून कातलेली एक वाटी काढली. अपांची, माझ्या वडिलांची. अपा गेल्यापासून त्या वाटीला कुणी हात लावला नव्हता. आमाने ती बाहीने पुसली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

“घे.”

त्याचा हात तोंडाशी गेला. “नको, नको.”

“घे म्हणते ना.”

“नको… तुम्हाला लागेल.”

“घे रे बाळा.”

मग त्याने दोन्ही हात पुढे केले आणि मान वाकवून वाटी घेतली.

“जमलं!” आमा माझ्याकडे वळून म्हणाली. “आता हा माणसात आला.” मग त्याला दाखवलं. “ही छातीशी, घोच्या घडीत ठेवायची. कुणी चहा विचारला की लगेच काढायची नाही. तिसऱ्यांदा विचारलं की काढायची. समजलं?”

“समजलं, आमा.”

तो तिला ‘आमा’ म्हणाला, तेव्हा मी भांडी घासायला उठले. माझा चेहरा कुणी पाहू नये म्हणून.

*

भात कापून झाला. वरच्या दरीत क्रौंच उतरले. परीक्षा जवळ आल्या, आणि त्याचं वर्षही संपत आलं.

एका संध्याकाळी मी देवघरात होते. आमच्या घरात देवापुढे सात वाट्या पाणी असतं. पहाटे भरायचं, सूर्य मावळायच्या आत ओतून वाट्या पुसून पालथ्या घालायच्या. आजारपण असो, परीक्षा असो, मी हे कधी चुकवलेलं नाही. तो दूध न्यायला आला होता. बूट बाहेर काढून तो उंबऱ्याशी उभा राहिला.

“वाट्या काठोकाठ का भरत नाही?”

“सातूच्या दाण्याएवढी जागा सोडायची असते. काठोकाठ भरली तर हाव दिसते. कमी भरली तर हात आखडता दिसतो.”

त्याने सातही वाट्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, “साहेबांनी विचारलंय. आणखी दोन वर्षं राहाल का म्हणून. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आधी तुम्हाला विचारायचं होतं.”

“मला?”

“मी थांबू का, यांगदोन?” त्याने पहिल्यांदाच माझं नाव घेतलं होतं. “शाळेसाठी नाही विचारत.”

माझ्या हातात शेवटची वाटी होती. आणि माझा दुसरा हात… तो आपसूक वर गेला, तोंडाशी.

“नको, सर…” मीच बोलत होते. “तुमची आई तिकडे वाट बघत असेल. माझ्यासाठी कशाला… नको.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वाट पाहत होते. आता विचारेल. आता.

“बरं,” तो अगदी हळू म्हणाला. “विचारलं म्हणून मनात काही ठेवू नका.”

तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. बुटाच्या नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागला. मला वाटलं, मुद्दाम लावतोय. वळेल. मग बुटाची कुरकुर अंगणातून गेली, आणि फाटकाची कडी वाजली.

“काय म्हणत होता?” आमाने चुलीजवळून विचारलं.

“थांबू का म्हणून विचारलं.”

“मग? तू?”

“नको म्हटलं.”

“बरोबर. मग?”

“मग गेला.”

आमाच्या हातातली पळी पातेल्यात पडली. “गेला? दुसऱ्यांदा न विचारता? अगं, वर्ष होत आलं! तू त्याला शिकवलंस तरी काय?”

*

मी रोज वाट पाहिली. तो रोज भेटायचा, हसायचा, मुलांचे पेपर कसे गेले ते सांगायचा. बशी पुढे करावी तशा हळू आवाजात गोष्टी दुसऱ्यांदा विचारायला मीच त्याला शिकवलं होतं. आणि तो सगळ्यांना सगळं दुसऱ्यांदा विचारत होता. फक्त मला, ते एक सोडून.

एकदा वाटलं, त्याच्या मनातून गेलंच असेल. एकदा वाटलं, बरंच झालं. कुणी माझ्यासाठी आपलं घर, आपला समुद्र सोडावा असं मागणं हे पापच की. मी माळ ओढायची आणि मंत्राच्या मधोमध कुरकुर ऐकायची.

निकालाच्या दिवशी किंझांग साहेबांनी मला खोलीत बोलावलं.

“डंकन सर नाही म्हणाले. उद्या सकाळच्या गाडीने निघतायत.”

“हो, साहेब.”

“मी ते अजून वर कळवलेलं नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “एकदाच तर नाही म्हणाले. पहिलं ‘नको’ आपल्याकडे कुणी धरतं का? पण दुसऱ्यांदा विचारायला मी काही योग्य माणूस नाही, मॅडम. माझ्या सांगण्याने फार तर शिक्षक थांबेल.” चष्मा लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग उगाचच खिडकीबाहेर. “गाडी सुटेपर्यंत वेळ आहे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आमाने माझ्या हातात थर्मास दिला.

“हा कशाला? मी फेऱ्यांना चाललेय.”

“तोही तिथेच असणार. वाटेत चहा लागतो माणसाला. आणि यांगदोन…”

“काय?”

“दोन्ही हातांनी दे.”

धुकं दाट होतं. चोर्तेनपाशी पोचले तर म्हाताऱ्या अजून आल्या नव्हत्या. पण कुरकुर ऐकू येत होती. पलीकडच्या बाजूला. मी चालू लागले. भिंतीच्या या अंगाला मी, त्या अंगाला तो. मी पाऊल उचललं की त्याने उचललेलं. मी भरभर चालले. कुरकुर तेवढीच दूर. हळू चालले, तरी तेवढीच दूर. पहिल्या दिवशी तो चुकीच्या दिशेने फिरत होता, तर दर अर्ध्या फेरीला भेटत होता. आज दोघेही बरोबर दिशेने चाललो होतो, आणि भेट काही होत नव्हती.

उलटं वळणं माझ्याच्याने झालं नसतं. तेवढं धाडस ना माझ्या पायात होतं, ना श्रद्धेत.

मग मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा, फेरी अर्धी टाकून. माळ मनगटाला गुंडाळली, थर्मास छातीशी धरला, आणि उभी राहिले.

कुरकुर कोपऱ्यावर आली. जवळ आली. थांबली.

“यांगदोन? बरं नाही का?”

मी वळले. त्याने घो घातला होता. या वेळी दोन्ही बाजू सारख्या.

“तुम्ही दुसऱ्यांदा का विचारलं नाही?”

त्याला कळलं, कशाबद्दल ते. तो बुटाकडे बघत म्हणाला, “चहा असता तर दहादा विचारलं असतं. पण हा चहा नाही. आमच्याकडे बाईने नको म्हटलं की ते नकोच असतं. आणि ते तसंच असायला हवं, असं मला वाटतं. पुन्हा विचारलं असतं तर तुमच्यावर ओझं टाकल्यासारखं झालं असतं.”

इतके दिवस मी त्याच्यावर रुसले होते. आणि तो माझा शब्द जपत बसला होता… मी म्हटला तसाच्या तसा. आमच्याकडे पहिलं ‘नको’ कुणी एवढं सांभाळून ठेवलं नसेल.

मग विचारायचं कुणी? पाहुण्याने कशाला विचारायचं? विचारायचं असतं ते घरच्याने. आणि हे गाव माझं.

“सर,” मी म्हटलं. “थांबा.”

मग त्याचा हात हळूहळू वर गेला. तोंडाशी. “मेशु, मेशु.”

पण हाताच्या वर त्याचे डोळे होते. भरलेले, आणि हसणारे.

“थांबा ना,” मी म्हटलं.

“नको, नको. तुम्हाला उगाच त्रास.” अगदी आमाच्या पाहुण्यांसारखा सूर! मला हसू फुटलं, आणि त्याबरोबर रडूही. धुक्यातून म्हाताऱ्यांच्या काठ्या वाजू लागल्या होत्या. आता येतील, बघतील… बघू देत.

“डंकन,” मी म्हटलं. “थांब.”

त्याने हात खाली घेतला. छातीशी, घोच्या घडीत घातला, आणि अपांची वाटी बाहेर काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

मी थर्मास उघडला. वाफ आमच्या दोघांच्या मधून वर गेली. मी ओतू लागले, दोन्ही हातांनी, आमाने सांगितलं होतं तसं.

“उन्हाळ्याच्या सुट्टीत आईला भेटायला जायचं म्हणतो,” तो म्हणाला. “तिला मी पत्रात सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, एकटा येऊ नकोस. येशील?”

त्याने एकदाच विचारलं. आणि माझे दोन्ही हात थर्मासला होते. तोंड झाकायला हात उरलाच नव्हता.

“हो,” मी म्हटलं.

चहा वाटीच्या काठाला टेकला. सातूच्या दाण्याएवढी जागा सोडायची मला रोजची सवय… पण मी ओततच राहिले. चहा त्याच्या बोटांवरून वाहिला, तरी त्याने वाटी हलू दिली नाही.